आधी कोण?

'आधी' आणि 'मग' ही दोन अव्यये जर कोणी मराठी भाषेतून काढून घेतली, तर आमच्या कितीतरी म्हणी मुक्या होतील. मुलाचे लग्न बाजूस सारून कोंडाण्यावर चालून जाणारा तानाजी 'आधी लगीन कोंडाण्याचे, मग रायबाचे' असे म्हणाला, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. आणि 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण तर ज्याच्या घरी विठोबाची तसबीर नाही त्यासही पाठ असते. दोन्ही वचनांत गोष्ट एकच सांगितली आहे, ती म्हणजे क्रम. पण मौज अशी की, पहिली जागा दोन्हीकडे निरनिराळ्या न्यायाने दिलेली आहे. तानाजीने जे मोठे ते आधी केले. म्हणीने जे लहान ते आधी केले. पोटोबा विठोबाहून श्रेष्ठ आहे असे म्हण म्हणत नाही. पोट रिकामे असता भजनात चित्त लागत नाही, एवढेच ती सांगते. म्हणजे आधी कोण, हा प्रश्न दर वेळी मानाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ गरजेचा असतो. ही साधी गोष्ट वयाच्या पन्नाशीनंतर आम्हांस एका यंत्राने शिकविली. ती कशी, तेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध हजेरी भरण्यापुरता आणि परीक्षेचे गुण चढविण्यापुरता. तेव्हा युनिक्स नामक प्रणाली चालू होताना तिच्या पोटात कोणते काम आधी होते व कोणते मागून, याविषयी आम्ही लेखणी चालवावी, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु आमच्या घराच्या मधोमध उभ्या असलेल्या एका भिंतीमुळे हा विषय आमच्या वाट्यास आला, त्यास आमचा इलाज नाही.

हे घर पाचोऱ्यास, गावाच्या जुन्या भागात आहे. आमचे वडील रेल्वेत होते. भुसावळ-मनमाड मार्गावरील लहानमोठ्या स्थानकांवर नोकरी करून अखेर ते पाचोऱ्यास स्थायिक झाले. त्या काळी पाचोरा जंक्शन हे नावाप्रमाणे खरोखरीचे जंक्शन होते. तेथून जामनेरची अरुंद रुळांची गाडी सुटे आणि शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत छप्पन किलोमीटरांची वाट आपल्या मर्जीने संपवी. या 'पीजे'ने खानदेशातील दोन-तीन पिढ्यांस बाजारास, शाळेस आणि सासरी पोहोचविले. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदीत ती थांबली, ती त्या रूपात पुन्हा धावली नाही. वडील ते पाहावयास राहिले नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले.

वडिलांस एकच छंद होता. रात्री जेवण झाले की ते रोजनिशी लिहीत. तीत भावनांचा पसारा नसे. दोन ओळी, क्वचित तीन. गाडी किती मिनिटे उशिरा आली, पाऊस किती पडला, कोण भेटून गेले, कोणास किती पैसे दिले. अशा चाळीसएक वह्या ते मागे ठेवून गेले. पुढे आम्हां दोघां भावांत वाटणी झाली. भांडण मोठे नव्हते. मोठ्या भांडणाचा निकाल तरी लागतो. चौकात भिंत उभी राहिली, विहिरीवरचा पंप दादाकडे गेला, देवघर आमच्याकडे आले आणि वह्याही निम्म्या निम्म्या झाल्या. वर्षांची सलगता कोणी पाहिली नाही. कपाटाच्या ज्या फळीवर ज्या वह्या होत्या, त्या फळीबरोबर गेल्या. तेव्हापासून सहा वर्षे आम्ही व आमचे थोरले बंधू एकमेकांशी बोललो नाही. तो आधी आला तर आम्ही दार लावून घेणार नव्हतो. आम्ही आधी गेलो असतो तर त्यानेही लावून घेतले नसते. दोघांसही हे ठाऊक होते, आणि म्हणूनच दोघेही निश्चिंतपणे आपापल्या बाजूस बसून होतो.

दादाचा मुलगा पुण्यास संगणकाच्या धंद्यात आहे. पुतण्यास आमच्या अबोल्याशी कर्तव्य नव्हते. त्याला आजोबांच्या वह्या हव्या होत्या. एका उन्हाळ्यात त्याने दोन्ही घरच्या वह्यांची पानन् पान छायाचित्रे घेतली आणि दिवाळीस येताना दोन जुने संगणक घेऊन आला. एक त्यांच्या माजघरात, एक आमच्या अभ्यासिकेत. प्रत्येकात त्या त्या घरच्या वह्या. पण रचना अशी की, कोणत्याही घरी बसून पाहिले असता साऱ्या वह्या एका ओळीत, वर्षवारीने दिसाव्यात. आपल्या वह्या आपल्या यंत्रातून आणि उरलेल्या भिंतीपलीकडच्या यंत्रातून. "काका, तुम्ही दोघे बोलू नका हवे तर. यंत्रे बोलतील," असे तो म्हणाला. आम्ही त्यास अनुमती दिली. आपणांस बोलावे लागत नाही, या अटीवर माणूस पुष्कळ गोष्टींस अनुमती देतो.

या दोन्ही यंत्रांवर त्याने फ्रीबीएसडी नावाची प्रणाली घातली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला, तिच्याच वंशातील ही एक शाखा. पुढील हकीकत कळावयास तिच्यातील दोनच गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुरे.

पहिली माउंट. विंडोजच्या संगणकात सी, डी अशा निरनिराळ्या पेट्या दिसतात. युनिक्समध्ये तसे नाही. तेथे साऱ्या फाइली एकाच वृक्षावर असतात. नवी डिस्क आणली की, तिच्यावरील सारा पसारा या वृक्षाच्या एखाद्या मोकळ्या फांदीवर कलम करावयाचा. या कलमास माउंट म्हणतात. कलमाची डिस्क त्याच यंत्रात असली पाहिजे असेही नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास एनएफएस नावाची पद्धत काढली. तिच्या योगे दुसऱ्या यंत्रातील डिस्कही आपल्या वृक्षावर बसविता येते आणि वाचणाऱ्यास ती परकी आहे याचा पत्ताही लागत नाही. दादाकडच्या वह्या आमच्या अभ्यासिकेत दिसत, त्या अशा कलमामुळे.

दुसरी गोष्ट राउट, म्हणजे वाट. आमच्या घरी इंटरनेटची जोडणी निराळी, दादाच्या घरी निराळी. म्हणजे नेटवर्केही दोन. पुतण्याने भिंतीस भोक पाडून केबल ओवली आणि दोहोंच्या मध्ये एक लहानसा राउटर बसविला. पण दार केले म्हणजे ते सर्वांस ठाऊक होतेच असे नाही. 'दादाच्या घरच्या पत्त्यांकडे जावयाचे असल्यास या दाराने जा' असे आमच्या यंत्रास स्पष्ट सांगून ठेवावे लागते. तसे सांगितले नाही, तर अनोळखी पत्त्याची प्रत्येक चिठ्ठी ते ठरीव दाराने, म्हणजे इंटरनेटच्या दाराने, बाहेर टाकते. आणि वीस पावलांवरील दादाचे पत्र गावाबाहेर जाऊन नाहीसे होते.

पुतण्याने सारे जोडले, वाट हाताने लिहून दिली, कलम केले आणि वह्यांची ओळ पडद्यावर उभी राहिली. तो दिवस पाडव्याचा होता. भाऊबिजेच्या दिवशी वीज गेली. आमच्या गावी वीज जाते यात नवल नाही. नवल ती परत आल्यावर घडले. दोन्ही यंत्रे चालू झाली, पडद्यावर ओळी धावू लागल्या आणि 'एनएफएस फाइलसिस्टिम माउंट करीत आहे' अशा अर्थाच्या ओळीवर येऊन दोन्ही थांबली. अर्धा तास गेला तरी ओळ हलेना.

पुतण्याने कपाळावर हात मारून घेतला. वाट सांगणारी ओळ त्याने चालू यंत्रावर हाताने लिहिली होती; पुढच्या वेळेसाठी ती त्याने प्रारंभीच्या कामांच्या यादीत नोंदविली खरी, पण घाईत यादीच्या अगदी शेवटी, किरकोळ कामे लिहावयाच्या जागी. त्यामुळे यंत्र उठताच आधी कलम करावयास निघाले. कलमास दादाकडे जाणे भाग. जावयास वाट नाही. एनएफएसचा स्वभाव असा की, उत्तर आले नाही तर मिनिटाभराने पुन्हा विचारावयाचे, आणि असे न कंटाळता विचारीतच राहावयाचे. तेव्हा कलम वाटेसाठी थांबले होते, आणि वाट सांगणारी ओळ यादीत खाली असल्यामुळे ती कलम होण्यासाठी थांबली होती. पुतण्याने ती ओळ उचलून योग्य जागी, नेटवर्कच्या कामांत नेऊन घातली, यंत्रे एकामागून एक पुन्हा चालू केली आणि सारे सुरळीत झाले.

आमच्यातील अध्यापक या वेळी जागा झाला. आम्ही विचारले, "योग्य जागा कोणती, हे ठरविले कोणी?" त्यावर त्याने जे सांगितले आणि पुढे आम्ही जे वाचले, त्याचा सारांश देतो.

हा प्रश्न युनिक्सकारांस पुष्कळ दिवस छळीत आला आहे, कारण त्याचे उत्तर सर्व यंत्रांस एकच नाही. ज्या यंत्रास स्वतःची डिस्क आहे, त्याने आधी आपली डिस्क वाचावी, कारण नेटवर्क उभे करण्याची हत्यारे तिच्यावरच असतात. मग नेटवर्क उभे करावे, मग वाट सांगावी आणि मग दुसऱ्याच्या डिस्केचे कलम करावे. परंतु डिस्कच नसलेली यंत्रेही असतात. एके काळी ती कचेऱ्यांतून व विद्यापीठांतून पुष्कळ असत. त्यांचा सारा वृक्षच नेटवर्कवरून यावयाचा. तेव्हा तेथे नेटवर्क आधी आणि फाइली मग. याहून अवघड पेच असा की, वाट सांगावयाचे हत्यारच चुकून दूरच्या डिस्कवर ठेवले गेले तर काय? पेटीची किल्ली पेटीत राहिली! म्हणून बीएसडी घराण्यात नेटवर्क, वाट व माउंट यांची हत्यारे मूळ डिस्कवरच, एसबिन नावाच्या एका छोट्या कप्प्यात ठेवण्याची चाल आहे. युएसआर नावाचे मोठे कोठार मागून आले तरी चालते. परंतु कोठारापर्यंत पोहोचण्याची शिदोरी जवळ हवी.

यादी लिहिण्याच्या तऱ्हाही बदलत गेल्या. प्रथम एकच लांब यादी असे. वरून खाली वाचीत जावे. मग कामांस क्रमांक देण्याची रीत आली. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत नेटवर्कला १० आणि नेटवर्कवरील फाइली जोडण्याच्या कामास २५ असा क्रमांक असे. मधल्या जागा पुढे येणाऱ्या कामांसाठी मोकळ्या. लग्नाच्या पंगतीत उशिरा येणाऱ्या व्याह्यांसाठी पाट राखून ठेवावेत तसे हे होय. पण २५ हा आकडा का, हे त्या आकड्याकडे पाहून कळत नाही. २००० सालच्या नेटबीएसडी १.५ या आवृत्तीत निराळी रीत आली, आणि २००३ च्या फ्रीबीएसडी ५.० पासून ती तेथेही रूढ झाली. या रीतीत कोणासही क्रमांक नाही. प्रत्येक काम आपल्या माथ्यावर एवढेच लिहिते की, मी अमुक देतो आणि मला तमुक लागते. कलम लिहिते, मला नेटवर्क लागते. नेटवर्क लिहिते, मला वाट लागते. या चिठ्ठ्या वाचून क्रम लावण्याचे काम आरसीऑर्डर नावाचा एक छोटा प्रोग्राम करितो.

क्रम लावण्याची युक्ती तर इतकी सोपी आहे की, ती आमच्याही ध्यानात राहिली. आर्थर कान याने १९६२ साली ती लिहून ठेविली. ज्या कामास कोणाचीच वाट पाहावयाची नाही, ते शोधून काढा व यादीत सर्वांत आधी घाला. त्याच्यावाचून जी अडून होती, त्यांच्या नावापुढील तेवढी अडचण खोडा. आता पुन्हा ज्याची कसलीच अडचण उरली नाही, असे काम शोधा. असे करीत गेले की यादी आपोआप तयार होते. यात कोणते काम थोर व कोणते क्षुद्र हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यास दुसऱ्यावाचून हलता येते तो आधी हलतो. एवढाच त्याचा अधिकार. आणि कामे शिल्लक असतानाच असे मोकळे काम सापडेनासे झाले, तर समजावे की कोठेतरी वर्तुळ आहे: हा त्याच्यासाठी थांबला आहे आणि तो ह्याच्यासाठी.

हे ऐकून आम्हांस वडिलांची आठवण झाली. बालपणी आम्ही त्यांच्या खोलीत बसून 'लाइन क्लिअर' ऐकले आहे. गाळणकडून होकार आल्याखेरीज पाचोऱ्याहून तिकडे गाडी सुटत नसे, मग डब्यात कोणी कितीही मोठा अधिकारी बसलेला असो. "आधी पुढचा होकार, मग सिग्नल, मग गाडी," असे ते म्हणत. नेटवर्कची केबल लावली म्हणजे नेटवर्क उभे राहिले असे नव्हे, हे आज लिनक्सच्या जगातही शिकवावे लागते. तेथील सिस्टिमडी या प्रणालीत 'नेटवर्क चालू केले' आणि 'नेटवर्क खरोखरीच उपलब्ध आहे' अशा दोन निराळ्या पायऱ्या केल्या आहेत. दूरच्या फाइलींचे कलम दुसऱ्या पायरीनंतर होते. इंजिनात वाफ आहे आणि रूळ मोकळा आहे, या दोन गोष्टी वडील कधी एक समजले नाहीत.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज रात्री वह्या वाचीत असू. माघ महिन्यातील एका रात्री दादाच्या फळीवरील १९८८ ची वही उघडली. ते आमचे कॉलेजचे पहिले वर्ष. जूनमधील एका तारखेखाली वडिलांच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'थोरल्याचा पहिला पगार. धाकट्याची जळगावची फी व खोलीचे भाडे त्यातून भरले.' वडिलांनी यावर काहीही लिहिले नव्हते. पुढल्या ओळीत पाऊस होता. दादाने बारावीनंतर शिक्षण सोडून नोकरी का धरली, हा प्रश्न छत्तीस वर्षांत आम्ही कोणासही विचारला नव्हता. त्याला अभ्यासाची गोडी नाही, हे उत्तर आमचे आम्हीच देऊन ठेवले होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी उठून त्याच्याकडे जावे असे मनात आले. मग असेही आले की, हे त्याला ठाऊक होतेच; तरी तो सहा वर्षे आला नाही. आपण का जावे? आणि आम्ही कॉलेजास निघून गेलो. वाचकांपासून हे लपवावे असे वाटत होते. परंतु मग हा लेख लिहिण्यात अर्थ उरला नसता.

मृगाच्या पहिल्या पावसात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वीज पुन्हा गेली. मधल्या काळात ती पुष्कळदा गेली होती, पण पुतण्याने ठेवलेल्या बॅटऱ्या तासाभराची वेळ निभावून नेत. या वेळी ती दुपारी गेली ती रात्री नऊस आली. बॅटऱ्या केव्हाच संपल्या होत्या. दोन्ही यंत्रे निजलेली. वीज येताच दोन्ही एकाच क्षणी जागी झाली आणि त्याच जुन्या ओळीवर येऊन थांबली.

आम्ही पुण्यास फोन लाविला. आता वाट आपल्या जागी होती, यादी निर्दोष होती. मग अडले कोठे? पुतण्या काही वेळ गप्प राहिला आणि मग हसू लागला. चूक त्याचीच होती, पण ती कोणत्याही एका यादीत सापडणारी नव्हती. फ्रीबीएसडीच्या क्रमात आधी दुसऱ्याच्या फाइलींचे कलम होते आणि त्यानंतर आपल्या फाइली दुसऱ्यास देणारा एनएफएसचा सेवक उठतो. एरवी हे शहाणपणाचेच आहे. घरात सामान येऊन पडल्यावरच दुकानाची फळी काढावी. आमचे यंत्र म्हणत होते, दादाकडच्या वह्या येऊ द्या, मग मी आपले दार उघडतो. दादाचे यंत्रही भिंतीपलीकडे अक्षरशः हेच म्हणत होते. दिवाळीनंतर हे उघडकीस आले नाही, कारण दोन्ही यंत्रे एकदम निजून एकदम उठण्याचा प्रसंगच आला नव्हता. आरसीऑर्डरला आपल्या यादीतील वर्तुळ दिसले तर तो तशी तक्रार करितो; सिस्टिमडी तर वर्तुळातील एखादे काम सोडून देऊन वाट मोकळी करिते. पण येथे तक्रार कोण करणार? दोन्ही याद्या आपापल्या घरापुरत्या बिनचूक होत्या. वर्तुळ भिंतीच्या दोन्ही बाजू मिळून होत होते, आणि दोन्ही बाजू एकदम पाहणारा तेथे कोणीच नव्हता.

"काका," पुतण्या म्हणाला, "बाबांचे परवाच मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना पडदा पाहू देत नाहीत. तुम्हीच करा. कंट्रोलची कळ धरून सी दाबा." मोतीबिंदूचे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही कळा दाबल्या. आमच्या यंत्राने कलमाचा नाद सोडला, त्या कामावर 'मध्येच थांबविले' असा शेरा मारिला आणि दादाच्या वह्यांवाचूनच पुढची कामे करू लागले. त्याचा सेवक उठला, दार उघडले. सुमारे एक मिनिट गेले असेल. भिंतीपलीकडून दादाचा आवाज ऐकू आला. तो कोणास तरी म्हणत होता, "लागले बघ, लागले!"

सहा वर्षांत तो आवाज आम्ही भिंतीतून अनेकदा ऐकला असेल. ऐकू येत आहे असे त्या रात्रीच प्रथम वाटले.

पुतण्या पुढे म्हणाला, "आता हे कायमचे नीट करून टाकतो. यादीत बीजी म्हणून दोन अक्षरे लिहायची. मग ते यंत्र दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. एकदा विचारते, उत्तर नाही मिळाले तर विचारण्याचे काम मागच्या मागे चालू ठेवते आणि आपण उठून कामास लागते. दोन्हींपैकी एकाकडे लिहिले तरी वर्तुळ सुटते. मात्र ज्याच्याकडे लिहावे, त्याच्या घरी थोडा वेळ अर्ध्याच वह्या दिसतील. कोणाकडे लिहू?"

आम्ही म्हणालो, "त्यांच्याकडे लिही." उत्तर देण्यास आम्हांस क्षणही लागला नाही, हे नमूद करितो.

"बाबांना मी संध्याकाळीच विचारले होते," तो म्हणाला. "तेही म्हणाले, माझ्याकडेच लिही. म्हणाले, तुझ्या काकाला रात्री वाचत बसायची सवय आहे. त्याचे अडायला नको."

फोन खाली ठेवून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. दोघांचेही मत एकच पडले होते; पण एकाने ते दुसऱ्याची सोय पाहून दिले होते आणि एकाने स्वतःची. आधी कोणी जावे, या प्रश्नाकडे सहा वर्षे आम्ही मानाचा प्रश्न म्हणून पाहत आलो. त्यात आमची बाजू बिनचूक होती, दादाचीही असेल. दोन बिनचूक बाजूंनी मिळून सहा वर्षे दार बंद ठेवता येते, हे आम्ही पाहिले होते. कानच्या युक्तीप्रमाणे प्रश्न विचारला असता तर तो फार सोपा होता: दोघांपैकी दुसऱ्यावाचून हलता येण्याजोगा कोण आहे? डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बसलेला दादा, की धडधाकट पायांचे आम्ही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. चौकातून वाट बंद असल्यामुळे दादाच्या घरी जावयाचे तर पुढल्या दाराने रस्त्यावर यावे लागते आणि कोपऱ्यावरून वळावे लागते. सारी मिळून चाळीस पावले. काय बोलावयाचे, ते वाक्य आम्ही रात्रीच रचून ठेविले होते. त्यात वडिलांची वही होती, फी होती, क्षमा होती. दादा ओट्यावर पट्टी लावून बसला होता. पावलांच्या आवाजावरून त्याने ओळखले.

"पाऊस बरा झाला," तो म्हणाला.

"हो," आम्ही म्हणालो. "दादा, डोळ्याला आता कसे आहे?"

"बरे आहे. बस. चहा टाकायला सांगतो."

ते वाक्य बोलावयाचे राहूनच गेले. पुढे केव्हातरी बोलू. भिंत अजून उभी आहे, आणि ती पाडावी असे दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही. पंप त्याचा, देवघर आमचे. परंतु गेल्या पितृपक्षात वडिलांचे श्राद्ध सहा वर्षांनी एकाच घरी झाले. कोणाच्या घरी, हे सांगण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही.